जुनं करून मिळेल

मे महिना, दुपारचे दोन. या वेळेला नागपुरात रस्त्यावर दिसणारा माणूस एकतर कामाचा असतो, नाहीतर बाहेरगावचा. डोक्याला दुपट्टा गुंडाळून धरमपेठेतल्या एका गल्लीत उकिडवा बसलेला गृहस्थ यांपैकी कुणीच नव्हता. एका घराच्या खिडकीला लोखंडी स्टँडवर टेकवलेल्या कूलरचे तो मोबाइलवर फोटो काढत होता. समोरून काढले, बाजूनं काढले. मग कूलरच्या ज्या खालच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकतं, तिथं त्यानं मोबाइल चार बोटांवर नेला आणि श्वास रोखून आणखी सहा काढले.

पडदा हलला. दार उघडून काकू बाहेर आल्या.

"काय झालं भाऊ? महानगरपालिकेतून आले का? अळ्या-बिळ्या नाहीत आमच्या कूलरात."

"नाही ना काकू. तसं काही नाही."

"मग फोटो काऊन काढून राहिले?"

"तुमच्या कूलरचा गंज पाहून राहिलो. लय सुंदर चढला आहे."

काकूंच्या इतक्या वर्षांच्या संसारात पडदे झाले, सोफा झाला, दारापुढची रांगोळी झाली. रस्त्यावरच्या माणसानं थांबून कशालाच सुंदर म्हटलं नव्हतं. म्हटलं ते शेवटी गंजाला. त्यांनी दार लावून घेतलं आणि आतून कडीही घातली.

हा गृहस्थ वेडा नव्हे. तो मॉडेलवाला आहे. इंजिनं, रणगाडे, विमानं, घरं, झाडं, माणसं अशा सगळ्या गोष्टी ठरावीक प्रमाणात लहान करून त्यांचा एखादा देखावा उभा करायचा, याला हे लोक डायोरामा म्हणतात. इथपर्यंत कुणाची हरकत नसते. हरकत पुढच्या पायरीला येते. देखावा बांधून, रंगवून, अगदी नवाकोरा झाला की मॉडेलवाला त्याच्यावर धूळ टाकतो, गंज चढवतो, ओघळ काढतो, रंगाचे पोपडे उडवतो. याला वेदरिंग म्हणतात. मराठीत याला नेमका शब्द हवा असेल तर ‘अवकळा आणणे’ हा आहे.

आता ज्या समाजात दसऱ्याच्या आधी घर वरपासून खालपर्यंत झाडलं जातं, जिथं नव्या फ्रिजचं प्लास्टिक तीन वर्षं काढलं जात नाही आणि रिमोट पिशवीत गुंडाळून वापरला जातो, तिथं अवकळेचा हा शौक कसा रुजायचा? मॉडेलवाल्याच्या आईनं एकदाच विचारलं होतं, "नवीन वस्तू आणून जुनी काऊन करून राहिला बे? वापर ना. आपोआप जुनी होते."

या प्रश्नाला जगभरातल्या मॉडेलवाल्यांकडे अजून समाधानकारक उत्तर नाही.

डायोरामा हा शब्द पॅरिसचा. लुई दागेर या चित्रकारानं शार्ल बूतों या जोडीदाराबरोबर १८२२ साली तिथं एक नाट्यगृह उघडलं आणि त्याला हे नाव दिलं. त्यात नट नव्हते, संवाद नव्हते. सुमारे २२ मीटर रुंदीचं पारभासक चित्र आणि त्याच्या पुढून-मागून कमीजास्त होणारा उजेड, एवढाच खेळ. पाहता पाहता चित्रातल्या दरीत सकाळची संध्याकाळ व्हायची. एक चित्र संपलं की प्रेक्षकांसकट अख्खं प्रेक्षागृह फिरून दुसऱ्या चित्रासमोर यायचं. १८३९ साली हे नाट्यगृह जळून गेलं. त्याच वर्षी दागेरचं छायाचित्रणाचं तंत्र जगापुढे आलं आणि तो त्यासाठीच प्रसिद्ध झाला. त्याच्या या जुन्या शब्दाला पुढे लहान होत होत टेबलावर मावण्याची सवय लागली.

पण शब्द पॅरिसचा असला तरी वस्तू आपल्याकडे आधीपासून अंगणात आहे. दिवाळीतला किल्ला म्हणजे दुसरं काय?

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून पोरं घरी येतात आणि बांधकामाला लागतात. आधी विटा आणि दगड रचायचे, त्यावर भिजवलेलं पोतं टाकायचं आणि त्यावर चिखल थापायचा. आज परदेशी पुस्तकं सांगतात की डोंगर करताना आत हलका सांगाडा, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेलं कापड आणि त्यावर मातीचा थर द्यावा. हे ज्ञान आपल्याकडे चौथीतल्या पोराला असतं, फक्त त्याबद्दल त्याला शाबासकीऐवजी हात धुवायला सांगतात. हिरवळीसाठी मोहरी किंवा अळीव पेरायचा. चार दिवसांत किल्ल्यावर रान उगवतं. नागपूरच्या काळ्या मातीचा तर वेगळाच फायदा. ती वाळली की आपोआप तडकते. तटबंदीला पडलेल्या या भेगा कोरायला बाहेरच्या जगात तासन् तास जातात. इथं रात्री किल्ला लिंपायचा आणि सकाळी उठून पाहायचं, तीनशे वर्षं उलटलेली असतात.

या कलेत कच्चा दुवा एकच, तो म्हणजे प्रमाण. समजा तीन इंची मावळा दरवाज्यावर उभा केला. साडेपाच फुटी माणूस तीन इंचात आणला म्हणजे प्रमाण झालं १:२२. रायगडाची समुद्रसपाटीपासूनची ८२० मीटर उंची या हिशेबात बसवली तर अंगणातला किल्ला साधारण ३७ मीटर उंच व्हायला हवा, म्हणजे जवळपास दीक्षाभूमीच्या १२० फुटी स्तूपाएवढा. सोसायटीची परवानगी मिळणं कठीण. म्हणून पोरं दोन फुटांवर थांबतात. महाराज सिंहासनावर बसूनही महादरवाज्यापेक्षा उंच असतात, वाघ हत्तीपेक्षा मोठा असतो, आणि बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी एक प्लास्टिकचा फलंदाज कव्हर ड्राइव्ह मारत असतो, कारण तो घरात होता. यावर आजवर एकाही इतिहासकारानं आक्षेप घेतलेला नाही.

गंमत म्हणजे नागपूरच्या मधोमध खरा किल्ला आहे. सीताबर्डीच्या टेकडीवर नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली आणि पुढे इंग्रजांनी तिथं किल्ला बांधला. पण तो लष्कराच्या ताब्यात आणि लोकांना पाहायला खुला होतो तो १ मे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी असा झेंड्याच्या दिवशी. दिवाळी यांत बसत नाही. त्यामुळे नागपूरचं पोरगं घराशेजारचा किल्ला सोडून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचा रायगड करतं, आणि तोही पुस्तकातलं चित्र पाहून.

दिवाळी संपली की किल्ल्याचा शेवट ठरलेला. मोठी पोरं त्याच्या पोटात उरलेला सुतळी बॉम्ब ठेवतात. तटबंदी उडते, मावळे भाऊबीजेच्या पाटापर्यंत जातात. मॉडेलवाल्यांच्या जगात तोफगोळ्यानं फुटलेली भिंत हुबेहूब करणं ही वरच्या इयत्तेची विद्या आहे. त्यावर पुस्तकं आहेत. शेफर्ड पेन या अमेरिकी उस्तादानं डायोरामा कसा बांधावा यावर १९८० साली अख्खं पुस्तक लिहिलं आणि दोन पिढ्या त्यावर शिकल्या. सुतळी बॉम्बचा त्यात उल्लेख नसावा.

लहान प्रमाणातल्या वस्तूचा नागपूरला आणखी एक जुना शौक आहे, तो म्हणजे तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन निघतात. ही प्रथा भोसल्यांच्या काळापासून, दुसऱ्या रघुजीराजांपासून चालत आल्याचं सांगतात. बैल मुठीत मावणाऱ्यापासून ते पोराच्या खांद्याला लागणाऱ्यापर्यंत, पायाखाली चाकं, गळ्यात घुंगुरमाळ. घरोघरी हिंडायचं आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. सजावटीच्या स्पर्धा होतात, बक्षिसं असतात.

पण या स्पर्धेत मॉडेलवाल्यानं आपला बैल आणला तर? त्याचा बैल गुडघ्यापर्यंत चिखलात. खांद्यावर जू घासून केस गेलेले. शिंगाचं एक टोक उडालेलं. पाठीवर बगळ्याची खूण. आषाढातल्या नांगरटीनंतरचा हा बैल इतका खरा की पाहणाऱ्यानं त्याच्यापुढे कडबा टाकावा. परीक्षक मात्र त्याच्याकडे पाहून एवढंच म्हणतील, "अरे, याला आंघोळ तरी घालायची होती." आणि परीक्षकांचं चूक नाही. पोळ्याला खरा बैलसुद्धा नदीवर नेऊन घासतात, शिंगांना हिंगूळ-बेगड लावतात, वर झूल घालतात. त्या एका दिवशी सगळा विदर्भ वेदरिंग धुऊन काढायच्या कामात असतो.

मॉडेलवाल्याची पंचाईत इथं आहे. त्याचा सण कोणता, हेच ठरत नाही.

प्रमाणाचा प्रश्न पोरांनी हसण्यावारी नेला, तरी मोठ्यांनी तो फार गंभीरपणे घेतला आहे. विमानवाल्यांचं १:७२, म्हणजे सहा फुटांचा एक इंच. रेल्वेवाल्यांचं १:८७. आणि रणगाडेवाल्यांचं १:३५. हे ३५ कुठून आलं? त्यामागं काही खोल गणित असेल अशी अपेक्षा असते. जपानमधल्या शिझुओका गावच्या तामिया कंपनीनं, जिचा मूळ धंदा लाकूड कापण्याचा, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. ते मोटारीवर चालायला हवं होतं. मोटार आणि बॅटऱ्या पोटात मावतील एवढा रणगाडा केला आणि नंतर मोजलं, तर भागाकार ३५च्या आसपास आला. आज जगभर लाखो लोक ज्या प्रमाणापासून केसभर हललं तर भांडतात, ते बॅटरीच्या मापानं ठरलेलं आहे.

आता १:८७ मध्ये साधारण उंचीचा माणूस दोन सेंटिमीटरचा होतो. त्याच्या सदऱ्याचं बटण रंगवायला ब्रशचा एक केस पुरतो आणि तो रंगवताना छातीचे ठोके आड येतात. मुरलेला मॉडेलवाला दोन ठोक्यांच्या मधल्या सवडीत बटण रंगवतो. घरातलं कुणी नेमकं त्याच क्षणी "जेवायला चला" म्हणतं, आणि त्या माणसाला सदऱ्याऐवजी कपाळावर बटण येतं.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय याच १:८७ मध्ये आहे. त्यात बोगदे, पूल, सिग्नल, सर्कस, सगळं आहे आणि सगळं चालतं. ते लोकांसाठी १९९८ साली १ एप्रिलला उघडलं. पुणेकरांनी तारीख पाहून आधी शहानिशा करून घेतली असेल, असं नागपूरकर म्हणतात.

मॉडेलवाल्याची कार्यशाळा म्हणजे बाल्कनीचा बंद केलेला कोपरा. परदेशातली पुस्तकं ज्या वस्तूंची नावं घेतात त्या इथं मिळत नाहीत, आणि मागवल्या तर पार्सलावर किती कर लागेल हे पार्सल येईपर्यंत कळत नाही. मग घरात शोध सुरू होतो. रुळांखालची गिट्टी म्हणजे चाळलेली रेती. ती चिकटवायला फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर पाणी रेतीवर मोत्यासारखं गोळा होऊन बसतं, आत मुरत नाही. झाडाखालचा पाचोळा म्हणजे उकळून वाळवलेली चहापत्ती. वाळलेल्या तुळशीच्या काड्यांचं पानगळ झालेलं झाड होतं. त्यासाठी वृंदावनाकडे संध्याकाळी, कुणी नसताना जावं लागतं. जुन्या लाकडासाठी तारेची घासणी व्हिनेगरात दोन-तीन दिवस बुडवून ठेवली की जे तांबूस पाणी तयार होतं ते लाकडावर लावलं की फळी तिथंच म्हातारी होते. ही बरणी कुणी चुकून लोणच्याच्या रांगेत ठेवली तर पुढचा मजकूर सांगण्यासारखा नसतो.

सगळ्यात मोठा शोध गवताचा. खरं गवत उभं असतं, चिकटवलेलं आडवं पडतं. यावर तोड म्हणून नायलॉनचे दोन ते सहा मिलिमीटरचे तंतू विजेच्या दाबानं उभे करून गोंदावर पाडतात. त्याचं यंत्र महाग. पण त्यातलं मुख्य काम, म्हणजे छोट्या बॅटरीतून मोठा व्होल्टेज काढणं, हे डास मारायची रॅकेट फार आनंदानं करते. तिची एक तार चाळणीला, दुसरी गोंदाखालच्या खिळ्याला. चाळणी हलवली की तंतू ताठ उभे राहत खाली उतरतात. जगभरच्या हौशी लोकांनी ही युक्ती केली आहे. फरक इतकाच की इतरत्र रॅकेट खास त्यासाठी विकत आणतात. नागपुरात, पावसाळ्याच्या ऐन मध्यात, ती घरातली एकुलती एक चालू रॅकेट असते. त्या रात्री देखाव्यात सातपुड्याचं गवत डुलतं आणि घरचे लोक टाळ्या वाजवत जागे राहतात. त्या टाळ्या कौतुकाच्या नसतात.

आता मुख्य विषयाकडे, अवकळेकडे. बाहेरून वाटतं, त्यात काय, मळवायचं. पण मळवण्यालाही शास्त्र आहे आणि ते एका वाक्यात सांगता येतं: पाणी खाली येतं, धूर वर जातो, हात तिथंच लागतात. गंजाचा ओघळ खिळ्यापासून सुरू होऊन सरळ खाली उतरायला हवा. धूळ खालच्या भागावर दाट, वर विरळ. रंग उडतो तो कडांवर, पायऱ्यांवर आणि दाराच्या मुठीशी. वाफेच्या इंजिनावर सेफ्टी व्हॉल्व्हच्या आसपास पांढरे ओघळ असतात, कारण पाण्यातले क्षार वाफेबरोबर बाहेर येऊन वाळतात. नागपूरच्या बोअरवेलचं पाणी ज्यानं बादलीत, नळावर आणि गिझरच्या कॉइलवर पाहिलं आहे, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

कृतीसुद्धा घरगुती आहेत. पातळ केलेला गडद रंग सगळीकडे फिरवायचा. तो फटीत साचतो आणि सपाट भागावरून पुसता येतो. डब्याच्या झाकणाच्या खाचेत जसं वर्षानुवर्षांचं तेल बसतं, तसं. याला वॉश म्हणतात, हा शब्द ऐकून घरच्यांना काही काळ उगाच आशा वाटते. मग ब्रशवरचा जवळजवळ सगळा रंग कागदावर पुसून टाकायचा आणि उरलेला कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवायचा, म्हणजे कडा उजळतात. पोपडे उडवायचे तर आधी गंजाचा रंग द्यायचा, त्यावर हेअर स्प्रे, त्यावर वरचा रंग. वाळला की पाण्यानं ओला करून घासायचा. खालचा स्प्रे विरघळतो आणि वरचा रंग सालीसारखा निघतो. म्हणून ज्या घरात कुणाच्याही केसांना कधी स्प्रे लागला नाही, त्या घरात वर्षाला चार बाटल्या संपतात. दुकानदार मॉडेलवाल्याच्या टकलाकडे पाहतो आणि काही विचारत नाही.

आणि शेवटी धूळ. स्पेनमधल्या कंपन्यांनी धूळ बाटलीत भरून विकायला काढली, त्याला आता बरीच वर्षं झाली. ३५ मिलिलिटरची बाटली, त्यावर लेबल: आफ्रिकेची धूळ, युरोपची माती, वाळलेला चिखल. एका बाटलीचे काही शे रुपये. उन्हाळ्यात अर्धा तास खिडकी उघडी राहिली तर नागपूरची धूळ गादीवर, पुस्तकांवर आणि झाकलेल्या भाकरीवर फुकट बसते. अशा शहरातला माणूस स्पेनची धूळ मागवतो आणि ती सांडू नये म्हणून पंखा बंद करतो. मेमध्ये पंखा बंद करणाऱ्या माणसाबद्दल घरच्यांचं काय मत होतं, हे लिहिण्याची गरज नाही.

नवशिका सगळीकडे सारखाच चुकतो. पहिल्यांदा स्वयंपाक करणाऱ्याचं मीठ आणि पहिल्यांदा वेदरिंग करणाऱ्याचा गंज, दोन्ही हमखास जास्त. विमानालाही तो गंज चढवतो. मग कुणीतरी जाणता हळूच सांगतो की विमान बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि अ‍ॅल्युमिनियम तांबडं गंजत नाही. त्या दिवशी एक अख्खं विमान धुऊन निघतं आणि एक माणूस प्रौढ होतो.

नागपूरचं हवामान या छंदाचा गुरू आहे आणि वैरीही. नवतपात एअरब्रश चालवला तर पाण्यातला रंग नळीतून निघतो ओला आणि मॉडेलपर्यंत पोचतो कोरडा. वाटेतच वाळून त्याची पूड होते. वाळणं लांबवायला रंगात औषध घालावं लागतं. पावसाळ्यात उलट: हवेतला दमटपणा लॅकरवर बसून त्याला पांढरी झाक येते, जणू इंजिनाला शिबं आलं. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचं काढलेलं स्टेशन उन्हात बंद गाडीत विसरलं तर परत येईपर्यंत ते नम्र होतं. ते प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मेमधल्या बंद गाडीला साठ अंश म्हणजे दुपारची डुलकी. उरतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या छंदाचा हंगाम संत्र्याच्या एका बहाराएवढाच.

इतका खटाटोप करून नागपूरचा मॉडेलवाला बांधतो काय? बरेच जण परदेशी रणगाड्यांत रमतात. पण रेल्वेचं वेड ज्याला आहे, त्याला या शहरात जन्म मिळणं म्हणजे पूर्वपुण्याई. इथं १८६७ साली रेल्वे आली. सावनेरच्या दगडातली स्टेशनची इमारत १९२५ची. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण मार्ग एकमेकांना कापतात तो डायमंड क्रॉसिंगही इथलाच. तो टेबलावर करायला घेतलेल्या माणसाला दोन महिने हाक मारू नये.

पण इथं एक अडचण उभी राहते. बाजारात १:८७ चे जे रूळ मिळतात त्यांची रुंदी १६.५ मिलिमीटर. ती युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांच्या हिशेबाची. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागलं तर सव्वाएकोणीस येतात. म्हणजे नागपूरची कुठलीही ब्रॉडगेज गाडी तयार रुळांवर ठेवली की जाड्या माणसानं धाकट्या भावाच्या चपला घातल्यासारखी दिसते. पाहुण्यांना हे कळत नाही. मॉडेलवाल्याला मात्र रात्री झोप लागत नाही.

आणि मग तो नॅरोगेजकडे वळतो.

बंगाल-नागपूर रेल्वेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्यात आणि आसपास अडीच फुटी रुळांचं मोठं जाळं विणलं. गाड्या इतक्या सावकाश की चढणीवर प्रवासी उतरून जांभळं तोडत आणि पुन्हा चढत, असं जुने लोक सांगतात. जांभळांचा आकडा दर वेळी वाढतो. नागपूर–छिंदवाडा मार्गावरची छोटी गाडी २०१५ च्या अखेरीस थांबली, इतवारीहून नागभीडला जाणारी २०१९ साली. दोन्ही मार्ग ब्रॉडगेज करायला घेतले. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. मॉडेलवाला त्याला ८७ नं भागतो. उत्तर येतं ८.७६. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात. फरक पाव मिलिमीटरसुद्धा नाही. ज्या रुळांना खऱ्या नागपुरात जागा उरली नाही, ते बाल्कनीतल्या टेबलावर असे बसतात की जणू मापंच तिथली घेतली होती.

खात्री करायला तो कडबी चौकाजवळ मोतीबागेत जातो. तिथं १४ डिसेंबर २००२ पासून नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे: जुनी इंजिनं, डबे, कंदील, सिग्नल. पोरांना बसवून फिरवणारी खेळगाडीही आहे. तो फूटपट्टी आणि कॅमेरा घेऊन इंजिनाभोवती तीन तास फिरतो. मापं मिळतात. पण ज्यासाठी आला ते मिळत नाही. कारण आपल्याकडे इंजिन निवृत्त होऊन चौथऱ्यावर बसलं की त्याला कुळकुळीत काळा रंग देतात, त्यावर लाल-पिवळे पट्टे, चाकांच्या कडा पांढऱ्या. ना काजळी, ना ओघळ, ना कोळशाची बुकणी. शंभर वर्षांचं इंजिन बारशाला निघाल्यासारखं उभं असतं. आणि त्याचंच चिमुकलं मॉडेल, जे अजून एक मीटरही धावलेलं नाही, बाल्कनीत काजळीनं माखून शंभर वर्षं मोजत असतं.

संग्रहालयातल्या रखवालदारानं विचारलं, "काय शोधून राहिले, साहेब?"

"मळ."

"इथं नाही भेटत. रोज पुसतो आम्ही."

तेव्हा पाण्याच्या टाकीच्या ओघळांसाठी मॉडेलवाल्याला तो धरमपेठेतला कूलर आठवला. त्याच्याकडे फोटो होते, पण त्यातल्या तांबूस आणि जांभळट रंगांच्या मधली एक छटा काही केल्या ब्रशला सापडत नव्हती. प्रत्यक्षच पाहायला हवं होतं. पुढच्या रविवारी, ऊन चढायच्या आत, रंगाच्या पाच बाटल्या आणि नमुन्याची पट्टी खिशात घालून तो त्या गल्लीत पोचला.

कूलर चंदेरी झाला होता. वरपासून खालपर्यंत, स्टँडसकट. अजून वास येत होता.

या वेळी काकूंनी दार लगेच उघडलं. बहुधा वाटच पाहत होत्या.

"या ना भाऊ! लोक गंजाचे फोटो काढून राहिले म्हटल्यावर काकांना लाज वाटली. कालच रंगवून घेतला. आता काढा फोटो."

मॉडेलवाल्यानं मोबाइल काढला. काकूंनी पदर सारखा केला आणि त्याही कूलरशेजारी उभ्या राहिल्या. त्यानं समोरून एक काढला, बाजूनं एक काढला, काकूंना दाखवला. त्यांनी आत डोकावून काकांनाही बोलावलं, मग दोघांचा एक झाला.

निघताना त्याची नजर खाली गेली. रंगाऱ्यानं कूलर रंगवला होता, भिंत नव्हती रंगवली. चुन्याच्या भिंतीवर कूलरच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत दहा उन्हाळ्यांचा ओघळ तसाच होता. मध्ये तांबूस, कडेला जांभळट, आणि त्या दोहोंच्या मध्ये ती छटा.

"काकू," तो हलकेच म्हणाला, "भिंत केव्हा रंगवून राहिले?"

"दिवाळीला."

त्यानं मनात महिने मोजले, खिशातली पट्टी काढली आणि उकिडवा बसला.